चहाकडचं दार

छत्तीस वर्षं एकाच माणसाची भाषणं लिहून दिल्यावर त्या माणसाबद्दल आदर कुठून राहणार? खानावळीतला आचारी आपल्याच खानावळीत हौसेने जेवताना पाहिलाय कधी कुणी? कारकुनाचं तसंच झालं होतं. सगळं शहर ज्याला 'साहेब' म्हणायचं आणि विधिमंडळात ज्याला 'सन्माननीय सभागृह नेते' म्हटल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे, त्याला कारकून मनातल्या मनात 'कपबशी' म्हणायचा. हो, मनातल्या मनातच. तोंडावर म्हणायची छाती असती तर हा बाबा छत्तीस वर्षं कारकून राहिला असता का?

महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. त्याची खोली विधिमंडळाच्या मागच्या जिन्याखाली होती. आत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त सायकलींची हँडलं दिसायची. विभागाने त्याला निरोपाला घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. आता वेळेवर जायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. अशात एका सकाळी साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब पंच्याहत्तरीचे. केस इतके काळेभोर रंगवलेले की खालचा चेहरा कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटे. त्यांच्या टेबलासमोर गुबगुबीत चार खुर्च्या होत्या. 'बस' असं ते कारकुनाला कधी म्हणाले नव्हते, आणि आजही म्हणाले नाहीत.

"हे बघ, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी माझ्या गौरवाचा ठराव येतोय. यानंतर मी निवडणूक लढवणार नाही ना. आणि ठराव मांडतंय कोण? विरोधी पक्ष! म्हणजे बघ तू."

"हो साहेब."

"मी उत्तर देणार. चार पानं कर. अक्षर मोठं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि तो स्टुलाचा कायदा विसरू नकोस."

"तो कसा विसरेन, साहेब."

साहेबांनी मान वर केली नाही. कारकून दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "तूही सुटतोयस म्हणे या महिन्यात? अरे, मग माझं आत्मचरित्र कोण लिहिणार?"

घ्या! छत्तीस वर्षांची ही पावती.

साहेबांची वाचायची तऱ्हा सांगायला हवी. समोर ठेवलं ते वाचायचं, एवढंच त्यांना येत होतं. आधी नजर टाकायची तसदी त्यांनी आठ निवडणुकांत कधी घेतली नाही. म्हणून कारकून मजकुरात कंसात सूचना घालायचा: थांबा, उजवीकडे बघा, पाणी प्या. एकदा टाइप करणाऱ्या बाईकडून कंस राहून गेले. साहेबांनी भर सभागृहात वाचलं, "ही योजना गोरगरिबांच्या दारापर्यंत पोहोचेल पाणी प्या." कुणी हसलं असेल असं वाटतं? छे! त्यांच्या पक्षाने बाकं बडवली, आणि दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने नव्या पाणी योजनेचं स्वागत करून टाकलं.

पण लोक त्यांना डोक्यावर घ्यायचे ते या योजनांसाठी नव्हे. त्यांची सगळी इमारत उभी होती ती एका स्टुलावर.

छत्तीस वर्षांपूर्वी दुकानांत काम करणाऱ्या बायकांना बसायची परवानगी नव्हती. दहा-दहा तास उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला अपमान वाटतो, असं मालकांचं शास्त्र होतं. कारकुनाची ताई एका तीन मजली कापडाच्या दुकानात दोरे-बटणं-फितींच्या काउंटरवर होती. आईवडिलांच्या मागे तिने याला शिकवलं, आणि अक्षरशः उभं राहून शिकवलं. संध्याकाळी घरी आली की ती जमिनीवर पाठ टेकायची, दोन्ही पाय भिंतीला वर लावायची आणि तशीच पडून याचा अभ्यास घ्यायची. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. तिशीच्या बाईच्या पायावर!

एके दिवशी शेजारच्या काउंटरवरची बाई चक्कर येऊन पडली. मालकाने तोंडावर पाणी मारलं आणि तिला पुन्हा उभी केली. त्या संध्याकाळी ताईने पाय भिंतीला लावले नाहीत. ती वही घेऊन बाहेर पडली. दोन वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी, गल्लोगल्ली, जिने चढत-उतरत तिने सह्या गोळा केल्या. चार हजार तीनशे बारा. अंगठे त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे. तो गठ्ठा आपल्याच काउंटरवरच्या फितीने बांधून तिने एका म्हाताऱ्या आमदाराच्या हातात दिला. ते पूर्वीचे शाळामास्तर. मास्तरांनी विधेयक मांडलं: दुकानात प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल, आणि गिऱ्हाईक नसताना बसायचा हक्क. सत्ताधारी पक्षाला ते नको होतं. पक्षाने आपल्या सगळ्या आमदारांना बजावलं, विरोधात मत द्या.

कारकून तेव्हा बावीस वर्षांचा, नोकरीला लागून तीन महिने झालेले. सभागृहात मतदानाची पद्धत अशी की घंटा वाजली की विधेयकाच्या बाजूचे सदस्य उजवीकडच्या दाराने बाहेर पडायचे आणि विरोधातले डावीकडच्या. प्रत्येक दारावर यादी घेऊन एक कारकून. बाहेर पडणाऱ्याला त्याने ऐकू जाईल असं सांगायचं, 'हे दार होकाराचं' किंवा 'हे दार नकाराचं', आणि नावावर खूण करायची. दार ओलांडलं की मत पडलं. मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही.

त्या दिवशी उजवीकडच्या दारावर आपला कारकून होता. ताईच्या विधेयकाचा दिवस. खुणा मोजत होता: चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. मग बराच वेळ कुणी नाही. आणि मग सत्ताधारी बाकांवरून एक तरुण, पहिल्यांदाच निवडून आलेला, झोपेतून उठून आल्यासारखा आमदार खिशात हात घालून डुलत डुलत आला.

"सन्माननीय सदस्य, हे दार होकाराचं," कारकून ठणठणीत आवाजात म्हणाला.

"हो रे हो," आमदार म्हणाला. "उपाहारगृह याच बाजूला ना? चहा मिळतो ना अजून?"

"मिळतो, साहेब."

आणि तो गेला. कारकुनाने खूण केली. सत्तेचाळीस विरुद्ध सेहेचाळीस. कायदा झाला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना कावळा दिसला नाही, गरुड दिसला. 'पक्षाचा हुकूम झुगारून तरुण आमदाराने सदसद्विवेकबुद्धीचा कौल दिला.' संध्याकाळी दोन-अडीचशे दुकानी बायका त्याच्या घरासमोर जमल्या. गर्दी बघून तो आधी घाबरला. त्याला वाटलं मारायला आल्यात. आणि मग त्याच्या अंगावर फुलं पडली. पक्षाचा अध्यक्ष त्याला हाकलायलाच निघाला होता, पण ती गर्दी बघून त्याने हाकलण्याऐवजी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर पुढच्याच थंडीत गेले. आयतं बीळ रिकामं झालं आणि नागोबा वेटोळं घालून बसला.

ताई त्या संध्याकाळी घरी आली ती घसा बसवून. "छोट्या, एका मताने रे! एका मताने! एका माणसाला पाझर फुटला बघ!"

कारकुनाने तोंड उघडलं. ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि मिटलं. हे पहिल्या दिवशीचं मिटणं आपण सोडून देऊ. ते मायेपोटी होतं.

पण दुसऱ्या दिवशी तो आमदार आपणहून त्याच्या टेबलाशी आला. "काल दारावर तूच होतास ना?"

"हो साहेब."

"अक्षर सुरेख आहे तुझं."

बस. एवढंच बोलणं. पुढच्या महिन्यात कारकुनाची नोकरी कायम झाली आणि त्याला जिन्याखालची खोली मिळाली. त्यानंतर त्या दाराबद्दल दोघांत एक अक्षर बोललं गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासूनच्या गप्प बसण्याला माया म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. गावठी भाषेत त्याला मूग गिळणं म्हणतात.

पहिली दोन-चार वर्षं साहेब ती गोष्ट सांगताना जरा अडखळायचे. पाचव्या वर्षी सवय झाली. दहाव्या वर्षी त्यांना ती खरीच वाटायला लागली. मतदानाच्या आदल्या रात्री आपण झोपलो नव्हतो, आईचे थकलेले पाय डोळ्यांसमोर येत होते, असं काय काय ते सांगायचे. आईचे पाय भाषणात कारकुनानेच घातले होते. पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठीसुद्धा. त्या त्याला दुरून आणाव्या लागल्या नव्हत्या.

आणि मग चौथ्या खेपेला निवडून आल्यावर साहेब मंत्री झाले. दुकानदारांची संघटना भेटून गेली, आणि साहेबांनी त्याच कायद्यात दुरुस्ती आणली. बसायचा हक्क फक्त गिऱ्हाइकांसमोरच्या काउंटरला. गोदामं, तळघरं वगळली. मालकांनी काय केलं असेल? नडणाऱ्या जेवढ्या बायका होत्या, सगळ्या तळघरात धाडल्या. त्यात पहिलं नाव ताईचं. पुढची एकोणीस वर्षं तिने तळघरात कापडाचे तागे उचलले. उभ्याने.

'व्यवहार्य दृष्टिकोन' या दोन शब्दांनी सुरू होणारं ते दुरुस्तीचं भाषण कुणी लिहिलं? ज्याचं अक्षर सुरेख, त्याने.

ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती साहेबांची कड घ्यायची. "त्यांचा नाइलाज असेल रे. वरून दबाव येतात." तिच्या खोलीत घड्याळाच्या शेजारी साहेबांचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापलेला, कडा पिवळ्या झालेला. आता ती सत्तरीची. पायांवर जखमा होत्या, त्या भरत नव्हत्या. डॉक्टर पट्ट्या बदलायचे आणि तिच्यापेक्षा जास्त कारकुनाशी बोलायचे. त्यावरूनच काय ते कळत होतं.

साहेबांनी बोलावलं त्या संध्याकाळी कारकून तिच्याकडे गेला. ताईने स्टुलावर पाय ठेवले होते.

"शेवटचा आठवडा ना?" ती म्हणाली. "छोट्या, राग येऊ देऊ नकोस, पण एवढी वर्षं त्या माणसाजवळ काढलीस, त्यांच्याकडून काही म्हणजे काही उचललं नाहीस. त्यांनी आयुष्यात एकदा तरी सगळ्यांना 'नाही' म्हणून दाखवलं. तू कधी कुणाला नाही म्हणालास का रे? भाजीवाल्याने सडका कांदा घातला तरी आणतोस."

कारकुनाने नेहमीप्रमाणे गिळलं. पण या वेळी ते खाली जाईना. बघता बघता त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताई, शेवटच्या दिवशी साहेबांचं भाषण आहे. तू गॅलरीत ये. तुझ्याबद्दल बोलणार आहेत."

"माझ्याबद्दल?" ताईने पाय खाली घेतले. "त्यांना मी आठवते?"

"ये तर खरी."

आता माघार नव्हती. ताईचं नाव तिच्या देखत सभागृहात उच्चारलं गेलं पाहिजे. एकदा उच्चारलं की ते कामकाजाच्या पुस्तकात छापलं जाणार, कायमचं. आज नाही तर कधीच नाही, हे डॉक्टरांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि मार्ग किती सोपा! हा माणूस समोर ठेवाल ते वाचतो. 'पाणी प्या' वाचणारा माणूस ताईचं नाव वाचणार नाही?

कारकुनाने लिहायला घेतलं. पहिलं पान नेहमीचं: कृतज्ञता, जनता, सेवेची संधी. दुसऱ्या पानावर स्टुलाचा कायदा आला आणि त्याचा हात थांबला. नुसतं ताईचं नाव घालून चाललं असतं. साहेबांच्या मोठेपणाला धक्का न लागता तिलाही एक फूल मिळालं असतं. पण छत्तीस वर्षांचं साचलेलं होतं, ते असं फुलावर भागणार होतं का? त्याने लिहिलं: 'अध्यक्ष महोदय, त्या दिवशी मी उजवीकडच्या दाराने गेलो, तो कायद्यासाठी नाही. उपाहारगृह त्या बाजूला होतं. मी चहाला निघालो होतो. हा कायदा मी केलेला नाही. (थांबा)' तिथे दुसरं पान संपवलं. तिसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत ताईचं नाव, आडनावासकट, मग ते दुकान, तो काउंटर, दोन वर्षं, चार हजार तीनशे बारा. 'ती आज वर गॅलरीत बसली आहे.' लिहून झाल्यावर तो पहिल्यांदाच स्वतःवर खूश झाला. दुसऱ्याच्या तोंडून खरं बोलण्याइतकं धाडस त्याच्यात आलं होतं, आणि तेवढ्यावर स्वारी हवेत होती!

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनला ठराव होता. सदस्यांसाठी लिफ्ट, गॅलरीत जाणाऱ्यांसाठी बेचाळीस पायऱ्या. ताई प्रत्येक वळणावर थांबत त्या चढली. ठेवणीतले कपडे घातले होते. तिला पहिल्या रांगेत बसवून कारकून खाली अधिकाऱ्यांच्या कठड्यात येऊन बसला. तिथून मान वाकडी केली की ती दिसायची.

दोन तास कौतुक चाललं होतं. ज्याने साहेबांवर जन्मभर आरोप केले तो म्हणाला, आम्हाला वडील भेटले. ज्याचं तिकीट साहेबांनी दोनदा कापलं होतं तो तर रडलाच. एकाने त्यांना दीपस्तंभ केलं, दुसऱ्याने वटवृक्ष. एकाच माणसाचा खांबही झाला आणि झाडही झालं, आणि तो मान हलवत दोन्ही होत राहिला. मग साहेब उठले. चष्मा लावला. कागद घेतले.

पहिलं पान झालं. दुसरं सुरू झालं. साहेब त्यांच्या त्या संथ, जड आवाजात वाचत होते, "...उपाहारगृह त्या बाजूला होतं. मी चहाला निघालो होतो. हा कायदा मी केलेला नाही."

आणि थांबले. थांबा लिहिलं होतं म्हणून थांबले. सभागृहात कुणी हललं नाही. साहेबांनी पान उलटलं. तिसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी चष्म्यावरून हळूच अधिकाऱ्यांच्या कठड्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. कारकुनाला वाटलं, वाच. वाच रे मेल्या. एकदा वाच.

साहेब हसले.

"आणि अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "दुःखाची गोष्ट अशी, की चहा संपला होता!"

सभागृह कोसळलं. लोक बाकं बडवत होते, पोट धरून हसत होते. "काय मोठेपणा!" विरोधी नेता डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणत होता, "एवढं करून म्हणतो, मी केलंच नाही!" साहेबांनी उरलेल्या पानांची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "लिहून आणलेलं पुरे. आता मनातलं बोलतो." मनात कोण होतं हे सांगायला नकोच. ते स्वतःबद्दल बारा मिनिटं बोलले, न अडखळता, कंसांशिवाय. म्हणजे बोलता येत होतं तर या माणसाला! आयुष्यभर नुसता आळस होता तो, आणि कारकून त्याला मूर्ख समजत होता. त्या दोघांत मूर्ख नक्की कोण, ते त्या बारा मिनिटांत ठरलं.

साहेब खाली बसले तसं सगळं सभागृह उभं राहिलं. पत्रकार उभे, शिपाई उभे, गॅलरी उभी. टाळ्या थांबेनात. कारकुनाने मान वाकडी करून वर पाहिलं. पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या मध्ये, ताई बसून होती. दाराशी उभा असलेला शिपाई वाकून तिला काहीतरी सांगत होता. काय ते खाली ऐकू आलं नाही, शिपायाने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "आजी, उठा, सगळे उभे आहेत." आणि ती म्हणाली होती, "मला बसायचा हक्क आहे."

तेव्हा कारकुनाच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. आणि आपले हात टाळ्या वाजवताहेत.

पायऱ्या उतरून ती खाली आली तेव्हा बाहेरची गर्दी साहेबांच्या गाडीमागे गेली होती. लांब व्हरांड्यात भिंतीला लागून एक बाक होता. ताई त्यावर टेकली आणि पाय चोळू लागली. कारकून समोर येऊन उभा राहिला.

"ते चहाचं," ताई म्हणाली, "ते खरं आहे ना?"

"सगळे तर हसले, ताई."

"तू हसला नाहीस. मी बघत होते."

त्याने खिशातला कागद चाचपला.

"छोट्या, मी विचारतेय."

"खरं आहे."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दारावर यादी घेऊन मीच उभा होतो." त्याने घाईघाईने खिशातून कागद काढला. तिसऱ्या पानाची प्रत. "हे बघ ना, ताई. तुझं नाव घातलं होतं मी. पहिल्याच ओळीत. सगळं लिहिलं होतं, सह्यांचा आकडासुद्धा. त्याने वाचलं नाही, हरामखोराने. मी लिहिलं होतं."

ताईने कागद हात लांब करून धरला आणि शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "इतकं छान लिहितोस तू. त्यांची सगळी भाषणं तूच लिहायचास?"

"हो."

"गोदामाचं?"

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी खुर्च्या एकमेकींवर चढवत होतं. तो आवाज थांबेपर्यंत कारकून तिकडेच बघत राहिला. ताईने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"तो निदान चहाला तरी निघाला होता," ती म्हणाली. "तू कशासाठी उभा होतास रे तिथे, छत्तीस वर्षं?"

तिने पाय बाकाखाली घेतले, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. बाक चांगला चार माणसांचा होता. ती एका कडेला बसली होती. कारकून ती 'बस' म्हणायची वाट बघत समोर उभा राहिला. ती म्हणाली नाही.